साळिंदराच्या बिळाच्या दारात

जानेवारीतल्या एका सकाळी भोपाळच्या अरेरा कॉलनीतून भाच्याचा फोन आला. "मामा, सापाने उंदीर ओकला. गिळून चार दिवस झाले होते. वास असा सुटलाय की खोलीत थांबवत नाही." त्याच्याकडे साडेतीन फुटांचा एक बॉल पायथन आहे, रीतसर नोंदणी केलेला. पेटीखाली हीट मॅट आहे, तिचा दिवा लागतोय, मग बिघडलं कुठे, हे त्याला कळेना.

जाऊन पाहिलं. मासे ठेवायची तीन फुटी काचेची टाकी, वर जाळीचं झाकण. खोली उत्तरेची, तिथे दिवसभर ऊन येत नाही. टाकीच्या डाव्या निम्म्या भागाखाली मॅट चिकटवलेली आणि आत नारळाच्या भुशाचा चार बोटं जाड थर. काचेवर वरच्या बाजूला गोल काट्याचा थर्मामीटर होता, तो २४ दाखवत होता. मी वायरवाला डिजिटल थर्मामीटर नेला होता. साप ज्या आडोशाखाली वेटोळं घालून बसला होता, तिथे भुशावर वायरीचं टोक ठेवलं: २१ अंश. मग भुसा बाजूला सारून तेच टोक काचेच्या तळाला टेकवलं. आकडा चढत चढत ४४ वर जाऊन थांबला. वर गारठा आणि चार बोटं खाली तवा. साप हळूच उचलून पोट पाहिलं, तर मधल्या भागातले तीन रुंद खवले तपकिरी पडून कडक झालेले. ऊब शोधत तो कधीतरी भुशात शिरला असणार आणि काचेवर पडून राहिला असणार.

एकाच पेटीत साप थंडीने आजारी पडतो आणि त्याच पेटीत भाजतोही, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण घरी पाळलेल्या सापांच्या बाबतीत हे वारंवार घडतं. त्याचं मूळ हीटरच्या दर्जात क्वचितच असतं. सापाला ऊब लागते म्हणजे नेमकं काय लागतं, हेच आपण नीट समजून घेतलेलं नसतं.

आपण सापाला थंड रक्ताचा प्राणी म्हणतो. शाळेच्या पुस्तकातला हा शब्द फसवा आहे. उन्हात पडलेल्या धामणीचं रक्त आपल्या रक्ताइतकंच कोमट असू शकतं. फरक इतकाच की आपण खाल्लेल्या अन्नातून अंगातच उष्णता तयार करतो आणि ती ३७ अंशांवर टिकवतो, साप ती बाहेरून घेतो. म्हणूनच त्याचं खाणं आपल्यापेक्षा कितीतरी कमी. एक उंदीर त्याला आठवडा-दोन आठवडे पुरतो. पण तो उंदीर पचवायचा तर पोटातले पाचक रस काम करायला हवेत आणि त्यांचा वेग अंगाच्या तापमानावर ठरतो. तापमान दहा अंशांनी उतरलं की शरीरातल्या रासायनिक क्रिया ढोबळमानाने निम्म्या-तिसऱ्या हिश्श्यावर येतात. उंदीर मात्र सडायचा थांबत नाही. पचन मागे पडलं आणि सडणं पुढे गेलं की सापापुढे एकच मार्ग उरतो, उलटून टाकणं. म्हणूनच पोटात भक्ष्य असलेला साप स्वतःहून अधिक उबदार जागा शोधतो. ही गोष्ट अनेक जातींच्या सापांमध्ये पाहिली गेली आहे.

या नियमाला एक सुंदर अपवाद आहे आणि त्याचा धागा भारताशी जोडलेला आहे. लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने भारतातून परतल्यावर १८३२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीला सांगितलं, की अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून ती उबवते. जाणकारांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका मादीने अंडी घातली. प्राणिशास्त्रज्ञ आशिल वालांसिएन यांनी तिच्या वेटोळ्यात थर्मामीटर घातला, तेव्हा ती सभोवतालच्या हवेपेक्षा चांगलीच गरम निघाली. अंड्यांवर बसलेली अजगरीण अंगाचे स्नायू ठरावीक लयीत आखडून ऊब निर्माण करते, हे पुढे १९६६ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगांनी पक्कं झालं. पण हे फक्त काही अजगर-माद्यांचं आणि तेही अंड्यांपुरतं. भाच्याच्या पेटीतल्या सापाला ऊब बाहेरूनच मिळायला हवी.

ती कशी मिळायला हवी, हे मला कुठल्याही उपकरणाच्या माहितीपत्रकापेक्षा भरतपूरच्या अजगरांनी जास्त चांगलं शिकवलं. केवलादेव घना राष्ट्रीय उद्यानात अजगर हिवाळा साळिंदरांच्या बिळांत काढतात. एस. भूपती आणि व्ही. एस. विजयन यांनी तिथल्या अजगरांचा बारकाईने अभ्यास केला आणि तो १९८९ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. भरतपूरची थंडी भोपाळपेक्षा कडक. ऊन वर आलं की अजगर बिळातून बाहेर येतात, दारातच वेटोळं घालून ऊन घेतात आणि सावल्या लांबायला लागल्या की पुन्हा आत सरकतात. बाहेर झगझगीत ऊन, आत जमिनीची स्थिर, मध्यम ऊब, आणि दोन्हींमध्ये काही फुटांचं अंतर. किती वेळ कुठे राहायचं ते अजगर ठरवतो. जमिनीत जसजसं खाली जावं तसा दिवस-रात्रीचा चढउतार विरत जातो. म्हणूनच आपल्याकडचे साप थंडीत वारुळं, उंदरांची बिळं आणि पडक्या भिंतींच्या पोकळ्या धरतात.

बॉल पायथन मूळचा घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेच्या पट्ट्यातला आणि तोही उंदरांच्या बिळांत, वारुळांत राहणारा. मात्र त्या किनारपट्टीवर वर्षभरात रात्रीचा पारा विशीच्या खाली सहसा येत नाही. भोपाळला जानेवारीत रात्रीचं किमान तापमान सरासरी दहा अंशांच्या आसपास असतं आणि थंडीची लाट आली की त्याच्याही बरंच खाली जातं. शहरातल्या वन विहार राष्ट्रीय उद्यानात हिवाळा लागला की प्राण्यांसाठी हीटर लावल्याच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांत येतात. तिथले प्राणी बहुतेक इथल्याच मातीतले. आफ्रिकेतून आलेल्या सापाचं काय होत असेल, याचा अंदाज त्यावरून करावा.

आता भाच्याच्या हीट मॅटकडे येऊ. मॅटवरच्या आणि पुस्तकांतल्या सूचना बहुतेक युरोप-अमेरिकेत लिहिलेल्या असतात. तिथे हिवाळ्यात अख्खं घर तापवलेलं असतं, खोली वीस-बावीस अंशांवर राहते. त्या खोलीत पेटीचा एक कोपरा आठ-दहा अंशांनी वर न्यायचा, एवढंच मॅटचं काम. आपल्याकडे घर तापवण्याची पद्धत नाही. उत्तरेच्या खोलीत पहाटे पारा पंधरा-सोळावर असतो. मॅट तिचं काम चोख करते, ज्या पृष्ठभागाला चिकटली आहे तो तापवते, पण हवा तापवणं तिच्या आवाक्याबाहेरचं आहे. वरच्या जाळीतून जी थोडी ऊब साचते तीही निघून जाते. भुशाचा जाड थर तर गोधडीसारखा मधे बसतो. उष्णता वर पोहोचत नाही आणि खाली साचून काच तापते.

म्हणून माझं ठाम मत आहे की हीटर सर्वांत शेवटी निवडावा. आधी खोली पाहावी. किमान-कमाल दाखवणारा डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो आठवडाभर साप ठेवायच्या जागी, त्याच उंचीवर ठेवावा आणि पहाटेचा व दुपारचा आकडा वहीत लिहावा. मग पेटी पाहावी. भोपाळच्या हिवाळ्यासाठी जाळीच्या झाकणाची काचेची टाकी ही सर्वांत वाईट निवड. प्लायवूड किंवा पीव्हीसी बोर्डाची, समोर सरकत्या काचा आणि बाजूंना बेताची छिद्रं असलेली पेटी ऊब आणि दमटपणा दोन्ही धरून ठेवते. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच जागा द्यावी. ही लांबी चैनीसाठी नसते. दोन फुटांच्या डब्यात एक टोक गरम केलं की दुसरंही गरम होतं आणि मग सापाला निवडायला काही उरत नाही.

बॉल पायथनच्या पेटीत गरम टोकाला, सापाचं अंग जिथे टेकेल तिथे, ३२ ते ३४ अंश असावेत. गार टोकाला २५ ते २७. रात्री सगळी पेटी थोडी उतरली तरी चालते, पण २४च्या खाली जाऊ देऊ नये. कॉर्न स्नेक असेल तर दोन्ही आकडे तीनेक अंशांनी कमी धरावेत. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. लपायची जागा दोन्ही टोकांना हवी, आणि दोन्ही सारख्याच अडचणीच्या हव्यात. बिळात राहणाऱ्या सापाला उघड्यावर बसण्याची भीती थंडीच्या त्रासापेक्षा मोठी असते. आडोसा फक्त गार बाजूला ठेवला तर तो कुडकुडत तिथेच बसेल आणि आपण समजू की त्याला गारवा आवडतो. भाच्याच्या पेटीत मी मातीची दोन छोटी मडकी पालथी घातली, कडेला तोंडापुरती खाच पाडून आणि खाचेच्या कडा कानशीने घासून. खापर ऊब हळू घेतं, हळू सोडतं. बाजारातल्या प्लास्टिकच्या गुहेपेक्षा ते मला केव्हाही बरं वाटतं.

ऊब वरून द्यावी की खालून, यावर सापवाल्यांत फार वाद होतात. माझा कल स्पष्टपणे वरच्या बाजूला आहे. निसर्गात ऊब येते ती उन्हाची, वरून, आणि उन्हाने तापलेल्या जमिनीची. तळाखालून एकाएकी भाजणारी गोष्ट सापाला रानात सहसा भेटत नाही. अजगर कुळातल्या अनेक सापांच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. अंधारात उंदराच्या अंगाची ऊब त्या बरोबर टिपतात. तरीही पोटाखालच्या चटक्यातून साप वेळेवर बाजूला होत नाही आणि खवले करपेपर्यंत तिथेच पडून राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. विजेवर तापणारे जे खोटे दगड मिळतात, ते तर घरात आणूच नयेत.

वरून ऊब देणारी साधनं साधारण तीन प्रकारची. हॅलोजनचा दिवा उजेडाबरोबर लघुलहरींचं अवरक्त प्रारण देतो, उन्हाच्या उबेच्या हा सर्वांत जवळचा. ही ऊब कातडीच्या आत थोडी खोल पोहोचते. पण तो फक्त दिवसा वापरावा. रात्री सापाला काळोख हवा. लाल किंवा निळ्या बल्बचा उजेड सापाला दिसत नाही, असं दुकानदार सांगतात, त्यावर विसंबू नये. रात्रीसाठी सिरॅमिक हीटर आहे. तो बल्बसारखाच होल्डरमध्ये बसतो, उजेड अजिबात देत नाही आणि हवेलाही बऱ्यापैकी ऊब आणतो. त्याची ऊब वरवरची असते आणि तो हवा कोरडी करतो, पण भोपाळच्या रात्रीसाठी तो उपयोगाचा. तिसरा म्हणजे पेटीच्या छताला बसणारा चपटा रेडियंट पॅनेल. तो महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही. मिळाला तर मोठ्या पेटीला तोच उत्तम.

सिरॅमिक हीटर लावताना होल्डर चिनीमातीचाच हवा. घरातला नेहमीचा प्लास्टिकचा होल्डर त्या उष्णतेने मऊ पडतो, मग वायरीचं आवरण वितळतं आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. हीटरभोवती जाळीचा पिंजरा हवा, कारण साप त्याला विळखा घालायला मागेपुढे पाहत नाही. वायर सॉकेटला जाण्याआधी खाली झोळ घेऊन जावी, म्हणजे पाण्याचा थेंब तिच्यावरून ओघळला तर झोळातून जमिनीवर पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. पेटीत पाण्याचं भांडं असतंच आणि साप ते हमखास सांडतो.

या सगळ्या साधनांपेक्षा मी ज्याला अधिक महत्त्व देतो तो म्हणजे थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅटशिवाय कुठलाही हीटर लावू नये, मॅटसुद्धा नाही. भाच्याची मॅट थेट सॉकेटला जोडलेली होती आणि ४४ अंश हे त्याचंच फळ. साधा चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट मॅटला आणि सिरॅमिकला पुरतो. हॅलोजनसाठी मात्र प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर थर्मोस्टॅट लागतो. नाहीतर दिवा दिवसभर लुकलुकत राहतो आणि लवकर जातो. कोंबडीची अंडी उबवायच्या यंत्रांत जे छोटे डिजिटल कंट्रोलर वापरतात, ते काम करतात. फक्त ते खोक्यात नीट बंद करून, फ्यूज घालून, जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावेत.

थर्मोस्टॅटचा जीव त्याच्या प्रोबमध्ये असतो, म्हणजे वायरीच्या टोकाच्या त्या छोट्याशा धातूच्या बोंडात. तो जिथे असेल तिथलंच तापमान यंत्राला कळतं. मॅट असेल तर प्रोब मॅट आणि तळ यांच्यामध्ये चिकटवावा. वरचा हीटर असेल तर गरम टोकाला, सापाच्या पाठीच्या उंचीवर, पण सापाला ढकलता येणार नाही असा आवळून. एकदा सापाने प्रोब ढकलून गार बाजूला नेला की यंत्राला वाटतं, अजून थंडीच आहे. ते हीटर चालूच ठेवतं आणि गरम टोक तापत जातं. म्हणून यंत्राच्या आकड्यावर भरवसा ठेवून थांबू नये. वेगळा थर्मामीटर दोन्ही टोकांना असावाच.

आम्ही शेवटी केलं ते असं. काचेची टाकी काढून टाकली, प्लायवूडची पेटी करून घेतली, आतून पाण्याने न बिघडणाऱ्या वार्निशचे दोन हात दिले आणि वास पूर्ण जाईपर्यंत ती गच्चीवर उन्हात ठेवली. मॅट आम्ही पूर्ण काढून टाकली. प्लायच्या तळाखाली मॅट लावली तर उष्णता आत पोहोचत नाही आणि लाकूड मात्र तापतं. छताला डाव्या बाजूला ८० वॅटचा सिरॅमिक, जाळीच्या पिंजऱ्यात. थर्मोस्टॅट ३२ वर. भुसा दोन बोटं. ८० वॅट बारा तास अखंड चालले तर जेमतेम एक युनिट वीज होते, आणि पेटी नीट बंद असेल तर हीटर अखंड चालत नाही. वीज गेली तर घाबरायचं कारण नाही. तीन-चार तासांत निरोगी साप मरत नाही. पेटीवर रजई टाकायची, छिद्रं उघडी ठेवायची आणि कोमट पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून आडोशाच्या बाहेरच्या बाजूला टेकवायची.

पण भोपाळमध्ये पेटीची निवड फक्त हिवाळ्यापुरती करून चालत नाही. खरं संकट एप्रिलच्या मध्यापासून सुरू होतं. मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली रात्रीही निवत नाही. बॉल पायथनला पस्तिशीच्या वर फार वेळ सोसत नाही. थंडीत साप आठवड्यांनी आजारी पडतो, उष्माघाताने तो तासांत जातो. त्यामुळे हीटरचा प्लग मार्चअखेरीस काढायचा आणि पेटी तळमजल्यावर किंवा घराच्या मधल्या खोलीत न्यायची. कूलरचा इथे दुहेरी उपयोग होतो. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की सापाची कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरची कात अडकून बसते. कूलरची ओल ती अडचण कमी करते. गार बाजूचं मडकं बाहेरून ओलं ठेवलं तरी आतली हवा दोन-तीन अंशांनी उतरते, माठातल्या पाण्यासारखी. बर्फ थेट पेटीत टाकू नये. आणि सापाला डॉक्टरकडे न्यायचं असेल तर मे महिन्यात पहाटेच निघावं, बंद गाडीत त्याला क्षणभरही एकटं सोडू नये.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की अंगणात निघालेली छोटी धामण किंवा मांडूळ पेटीत ठेवून पाहावं. ते करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडचे साप पकडून घरात ठेवता येत नाहीत. मांडुळाला तर इथे दोमुंहा म्हणून आणि धनलाभाच्या खोट्या समजुतीपायी आधीच छळतात. बॉल पायथनसारखे परदेशी साप साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी परिवेश पोर्टलवर करावी लागते. साप दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं. अंगणात थंडीने सुस्तावलेला साप दिसला तर त्याला शेकू नका. सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा. थंडीत मंद पडणं ही त्याची रीतच आहे, ऊन आलं की तो आपला आपण जातो.

भाच्याच्या सापाच्या पोटावर डॉक्टरांनी मलम दिलं आणि ओलसर भुशाऐवजी काही दिवस साधा कागद अंथरायला सांगितला. उलटी केलेल्या सापाला लगेच खायला घालू नये. पोटाचं आतलं अस्तर सावरायला किमान दोन आठवडे लागतात. आम्ही सतरा दिवस थांबलो आणि अठराव्या दिवशी नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर दिला. त्याने तो धरला, गिळला आणि डाव्या बाजूच्या मडक्यात शिरला. तिथे ३२ अंश होते. दोन दिवस तो तिथून हलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने फोटो पाठवला. साप उजव्या टोकाला, पाण्याच्या भांड्याशी पसरलेला होता आणि त्याच्या मागच्या थर्मामीटरवर २६ दिसत होते.